ऐकायची सळई

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना लोक समोर 'काका' म्हणतात आणि पाठीमागे 'घुम्या'. ते दोन्हींना ओ देत नाहीत, त्यामुळे फारसा फरक पडत नाही. जिन्यात गाठ पडली तर ते बाजूला सरकून वाट देतात. हवापाण्याच्या गप्पा निघाल्या तर वर आभाळाकडे बघतात आणि मान हलवतात. आपलं म्हणणं पटलं की नाही, ते त्या मानेवरून कळत नाही.

काकू मात्र दोघांचं मिळून बोलतात. "लग्न झाल्यावर पहिले पंधरा दिवस मला वाटायचं, यांना माझा राग आलाय," त्या सांगतात. "मग कळलं, हा यांचा खुशीतला चेहरा आहे!"

काकांनी पाणीखात्यात एकतीस वर्षं नोकरी केली. रस्त्याखालून गेलेल्या नळातून पाणी कुठे गळतंय ते कानाने शोधायचं, एवढंच त्यांचं काम. त्यासाठी खात्याने त्यांना एक पोलादी सळई दिली होती. ती छातीपर्यंत येईल एवढी लांब आहे आणि तिच्या वरच्या टोकाला लाकडाची उथळ वाटी बसवलेली आहे. खालचं टोक नळावर किंवा जमिनीवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि थांबायचं. धडधाकट नळ गप्प असतो. गळका नळ बारीक सूर काढतो, आणि गळतीच्या जितकं जवळ जावं तितका तो सूर धारदार होतो. आता या कामाला यंत्रं आली आहेत. काका निवृत्त झाले तेव्हा दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही म्हणून खात्याने ती सळई त्यांनाच देऊन टाकली. ती त्यांच्या दारामागे छत्रीशेजारी उभी असते.

ज्या माणसाने आयुष्यभर आजूबाजूच्यांना हाताच्या खुणेने गप्प केलं, तो बोलका निघेल कसा?

इमारतीतल्या पाण्याची गोष्ट पहिल्या मजल्यावरच्या मॅडमपासून सुरू होते. मॅडम शाळेत भूगोल शिकवतात आणि घरी आल्यावरही त्यांचा तास संपत नाही. दोन उन्हाळे पाणी कमी पडलं, तेव्हा सेक्रेटरींनी बैठकीत नवी बोअर मारायचा ठराव आणला. सेक्रेटरी कामाचा माणूस. प्रश्न दिसला की तो निकालात काढायचा, अशा स्वभावाचे. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"जुनी बोअर सहा वर्षांत आटली. आता तिच्या दुप्पट खोल जाणार. ती आटली की मग कुठे जाणार? खाली पाण्याचं कोठार भरून ठेवलेलं नाही कुणी. आपण खेचलं की शेजारच्या इमारतीची विहीर खाली जाणार."

"मग लोकांनी आंघोळ करायची की नाही, मॅडम?"

"एक महिना द्या मला. वापर कमी करून दाखवते."

महिना मिळाला. मॅडमनी पाणी गट काढला, त्यात उत्साही मंडळी घेतली आणि घराघरांत जाऊन नळाची धार बारीक करून दिली. जिन्यात एक मोठा तक्ता लावला. त्यावर अठ्ठेचाळीस घरं आणि प्रत्येक घराच्या मीटरचा आठवड्याचा आकडा. ज्याचा वापर घटला त्याला हिरवा ठिपका, ज्याचा वाढला त्याला लाल. लाल ठिपक्याच्या भीतीने लोकांनी खरंच पाणी जपलं. एकाने तर पाहुण्यांना दोन दिवस आधीच घरी पाठवलं, असं बोललं जात होतं.

महिन्याअखेर बेरीज केली. घरांचा वापर एक पंचमांशाने उतरला होता. फाटकाजवळच्या मुख्य मीटरचा आकडा मात्र फारसा उतरला नव्हता, तो अजूनही घरांच्या बेरजेच्या दीडपट होता.

"तुमच्या मोहिमेने बादली वाचली मॅडम, टाकी नाही," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी बोअरच्या गाडीला पुढच्याच्या पुढचा सोमवार सांगून टाकला.

मॅडमना झोंबलं. कुणीतरी मीटरमध्ये चलाखी करतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्या पुन्हा घरोघर जाऊन मीटर वाचू लागल्या आणि त्यावरून दोन मजल्यांवर तोंडं वाजली. तिसऱ्या दिवशी त्या तक्त्यासमोर उभ्या होत्या, तेव्हा काका भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते. ते थांबले. खालची बेरीज त्यांनी बोटाने वाचली.

"जमिनीत जातंय," ते म्हणाले आणि वर गेले.

मॅडम सांगतात, चार वर्षांत त्यांनी काकांचा ऐकलेला हा पहिला शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी खात्री करून दिली. आमच्याकडे पाणी सहा ते नऊ येतं. फाटकाजवळच्या मीटरमधून ते अंगणाखालच्या जुन्या लोखंडी नळाने मागच्या टाकीत पडतं. काकांनी टाकीच्या तोंडाशी असलेली चावी घट्ट बंद केली. आता मीटरचा काटा थांबायला हवा होता. तो फिरतच राहिला, सावकाश, कुणाची पर्वा नसल्यासारखा. म्हणजे गळती फाटक आणि टाकी यांच्या मध्ये कुठेतरी होती. पण मध्ये चाळीस पावलांचं फरसबंद अंगण होतं.

काकांनी सळई आणली. रविवारी सकाळी ते फाटकापासून टाकीपर्यंत दोनदा गेले. दर पावलावर सळई टेकवायची, कान लावायचा, डोळे मिटायचे. गॅलऱ्यांतून लोक बघत होते. काकूंनी तर स्टूल आणून बैठक मारली होती. फाटकापासून सातव्या पावलावर काका बराच वेळ थांबले आणि त्यांनी टाचेने फरशीवर खूण केली.

दोन मजुरांनी दुपारपर्यंत खणलं. कंबरभर खड्डा झाला. माती पिठासारखी कोरडी होती. नळ दिसला. त्याला तिथे नुसतं एक वळण होतं, बाकी तो ठणठणीत होता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"होतं असं काका," सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले. "आता राहू द्या. पुढच्या सोमवारी गाडी येतेच आहे."

काकांनी सळईची माती पुसली आणि ते वर गेले. खड्डा बुजवताना मॅडम मजुरांशी उगाचच भांडल्या.

त्या संध्याकाळचं काकूंनी नंतर सांगितलं. काका गॅलरीत बसले होते. काकू दिवा लावायला गेल्या, तर काकांच्या दोन्ही हातांवर डास चावल्याचे फोड. कानाशी दोन डास घिरट्या घालत होते आणि ते निवांत बसून होते.

"अहो, हाकला की त्यांना!"

"कुणाला?"

काकूंनी पदराने डास हाकलले. या उन्हाळ्यात काका दोनदा म्हणाले होते, यंदा डास कमी आहेत. दोन्ही वेळा काकूंच्या हातात डास मारायची रॅकेट होती. त्यांना तेव्हाच शंका आली होती. डासाचा आवाज बारीक असतो आणि गळक्या नळाचाही. पण एकतीस वर्षं जो माणूस कानावर जगला, त्याला हे सांगायचं कसं? बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या काकू तिथे मुक्या झाल्या.

काकांनाही ते ठाऊक नव्हतं असं नाही. त्याचा पुरावा बुधवारी निघाला, तोही एका तक्रारीतून.

काकांच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर एक ताई राहतात. एकट्या असतात, घरून शिवणकाम करतात. त्यांचं नाव इमारतीने 'तक्रारपेटी' ठेवलं आहे. वर खुर्ची सरकली, तक्रार. शेजारच्यांच्या फ्रिजची घरघर, तक्रार. सगळ्या तक्रारी लेखी, तारीख आणि वेळ घालून, सुवाच्य अक्षरात. मॅडमनी पाणी गट काढला तेव्हा यांना मुद्दाम विचारलं नव्हतं. "त्या आल्या की गट दोन दिवसांत फुटेल," असं ठरलं होतं.

बुधवारी सेक्रेटरींनी अशीच एक चिठ्ठी काकांच्या हातात दिली. "मनावर घेऊ नका. सही करा म्हणजे मी फायलीत लावून टाकतो."

चिठ्ठीत लिहिलं होतं: 'माझ्या वरच्या घरात गेले सात महिने रोज सकाळी पाच वाजून पस्तीस मिनिटांनी न्हाणीघरात काहीतरी धातूचं टेकवलं जातं. मग साधारण पाच मिनिटं शांतता. मग तेच पुन्हा, थोडं डावीकडे. हे काय चाललं आहे याचा खुलासा व्हावा.'

काका रोज पहाटे न्हाणीघरातल्या नळाला सळई लावून आपला कान तपासत होते. सात महिने. काकूंना झोपेत कळलं नव्हतं. खालच्या ताईंना कळलं होतं, आणि सळई डावीकडे सरकली तेही कळलं होतं.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. सही केली नाही. घडी करून खिशात टाकली, दारामागची सळई घेतली आणि एक मजला उतरून घंटा वाजवली.

ताईंनी दार उघडलं. गळ्यात शिवणाची टेप, हातात कात्री.

"माफी मागायला आलात?"

"उद्यापासून वाजणार नाही."

"पण काय होतं ते? सात महिने माझ्या डोक्याला भुंगा!"

काकांनी सळई पुढे केली. ताई एक पाऊल मागे सरल्या. मग कुतूहलाने भीतीवर मात केली. काकांनी स्वयंपाकघरातल्या नळावर टोक टेकवलं आणि वाटीकडे बोट दाखवलं. ताईंनी नाक मुरडत वाटी रुमालाने पुसली आणि कान लावला.

"काय येतंय?" काकांनी विचारलं.

"थांबा हो जरा. खाली कुणाकडे तरी संडासाची टाकी भरतेय. भरली. नाही, पुन्हा भरतेय. अहो, ती गळते आहे! दुसरा मजला. मी सांगितलं होतं सेक्रेटरींना, पाण्याचा आवाज येतो म्हणून. मला म्हणाले, तुम्हाला भास होतात."

काकांनी सळई त्यांच्या हातातच राहू दिली. मग म्हणाले, "रविवारी खाली याल? माझ्याऐवजी."

"तुमच्याऐवजी का? तुमचे हात मोडले?"

"वय."

ताईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मला त्या गटात कुणी घेतलेलं नाही. मी आले की यांचा तक्ता वाकडा होतो म्हणे."

"मी सांगतोय ना."

"तुम्ही तर कधी काही सांगतच नाही, म्हणून ऐकते." ताईंनी कात्री खाली ठेवली. "एका अटीवर. पायातल्या त्या फटफट चपला बदलायच्या. रबरी घ्या."

काकांनी संध्याकाळी रबरी चपला आणल्या.

आता गरज होती शांततेची. गळतीचा आवाज फक्त नळाला पाणी असतानाच येतो, आणि नेमक्या त्याच वेळी अठ्ठेचाळीस घरं जागी होऊन पंप, नळ, गाड्या, रेडिओ सगळं एकदम सुरू करतात. काका ओळीने सगळ्यांची दारं ठोठावतील, हे शक्यच नव्हतं. ताई दारात उभ्या राहिल्या असत्या तर लोकांनी कडी लावून घेतली असती. ते काम मॅडमचं होतं. त्यांनी दोन दिवसांत सगळी इमारत पिंजून काढली. रविवारी सात ते साडेसात पंप बंद, नळ बंद, गाड्या जागच्या जागी, मुलं गॅलरीत हाताची घडी घालून.

"पण त्यांना कशाला घेताय काका?" मॅडमनी जिन्यात हळूच विचारलं. "आपल्याला शोधायचंय, भांडण नकोय."

काकांनी खिशातली चिठ्ठी काढून त्यांच्या हातावर ठेवली. मॅडमनी ती वाचली. 'थोडं डावीकडे' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

"बरं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी याआधी कधी एका शब्दात विषय संपवल्याचं कुणाला आठवत नाही.

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी यायची होती. सेक्रेटरींनी तिच्यासाठी मागच्या भिंतीलगतची जागा आधीच मोकळी करून ठेवली होती आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते फाटकापाशी उभे होते. सात वाजले. आमच्या इमारतीत एवढी शांतता कधी कुणी ऐकली नसेल. कुणाचं तरी बाळ एकदा कुरकुरलं, तेही लगेच थांबलं. सगळ्यात अवघड मॅडमना जात होतं. त्यांनी तोंडावर चक्क हात धरला होता.

काकांनी आधीच खडूने फाटकापासून टाकीपर्यंत खुणा करून आकडे घातले होते. ताई रबरी चपला घातलेल्या काकांच्या मागून निघाल्या. काका खूण दाखवायचे, ताई सळई टेकवून कान लावायच्या.

"काय?"

"काही नाही."

"पुढे."

सातव्या पावलाशी, बुजवलेल्या खड्ड्याजवळ ताई थांबल्या. "इथे आहे काहीतरी. जाड. वरच्या मजल्यावर कुणी पलंग ओढल्यासारखं."

"वळण आहे," काका म्हणाले. "पाणी वळताना घुमतं. ते मला येतं ऐकू. म्हणून चुकलो. बारीक आवाज आता येत नाही मला. वर्ष झालं."

ते नेहमीच्याच आवाजात बोलले होते, म्हणजे समोरच्यालाही नीट ऐकू जाणार नाही इतक्या हळू. पण त्या सकाळी खाली पडलेली टाचणीसुद्धा चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेली असती. गॅलऱ्यांतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. काकूंनी स्टुलावर बसल्या बसल्या पदर तोंडाला लावला. सेक्रेटरींनी घड्याळावरची नजर काढली आणि ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

काकांनी मात्र पुढच्या खुणेकडे बोट दाखवलं. बोलून झालं होतं. काम राहिलं होतं.

आठ, नऊ, दहा. ताईंचा चेहरा हळूहळू आंबट होत गेला. कुठे काही खुपलं की तो तसा होतो, हे आम्ही सगळे ओळखतो.

"आहे," त्या कुजबुजल्या. "कुणीतरी दातांतून श्वास सोडतंय. राग दाबल्यासारखं."

"पुढच्यावर?"

"जास्त. कानाला टोचतंय."

"त्याच्या पुढच्यावर?"

"कमी झालं."

"मागे या. डावीकडे थोडं."

ताईंनी सळई हातभर सरकवली, कान लावला आणि झटकन मागे घेतला. "शी! किती घाण आवाज आहे हो हा! आणि हे इतके दिवस चाललंय, कुणी तक्रार कशी केली नाही?"

काकांनी खाली वाकून तिथे फुली मारली. ती स्कूटर लावायच्या जागेवर आली. मजुरांनी फरशी उचलली, तर खालची माती काळीशार. गुडघाभर खणल्यावर चिखल, आणि चिखलातून पाण्याची उकळी. गंजलेल्या नळाला वाटाण्याएवढं भोक पडलं होतं. ते पाणी खालच्या जुन्या गटारात उतरत होतं, म्हणून वर कधी ओलसुद्धा आली नाही. प्लंबरने तेवढा तुकडा कापून नवा बसवला. काकांनी टाकीची चावी पुन्हा बंद केली आणि सगळे मीटरभोवती गोळा झाले. काटा थांबला होता.

सेक्रेटरींनी तिथूनच बोअरवाल्याला फोन लावला. त्यांनी बोअर रद्द केली नाही, पुढच्या उन्हाळ्यावर ढकलली. "आकडे बघू आणि मग ठरवू," ते म्हणाले. ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. पुढच्या महिन्यात मुख्य मीटरचा आकडा एक तृतीयांशाने उतरला. ठरावाची फाईल अजून त्यांच्या कपाटात आहे, पण ती खालच्या खणात गेली आहे.

मॅडमना काका आणि ताई यांचा फोटो तक्त्यावर लावायचा होता. दोघांनीही नकार दिला. त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. ताई शिवाय म्हणाल्या की तक्त्यावरचं अक्षर गचाळ आहे, आणि आता तो तक्ता त्याच लिहितात. लाल ठिपके त्यांनी काढून टाकले. त्याऐवजी त्या ज्याच्या त्याच्या दाराखालून चिठ्ठी सरकवतात: 'आपल्या संडासाची टाकी रात्रंदिवस गळत आहे. हे मला ऐकू येते.' मॅडमच्या व्याख्यानांनी ज्या नऊ टाक्या दुरुस्त झाल्या नव्हत्या, त्या या चिठ्ठ्यांनी झाल्या. लोक पाणी वाचवायला तयार होते की ताईंपासून सुटायला, हे विचारायच्या फंदात कुणी पडलं नाही. पाणी वाचलं.

महिन्यातून एकदा आसपासच्या इमारतींतून बोलावणं येतं. बोलणी मॅडम करतात. काका जमिनीकडे बघत चालतात, नळ कुठून गेला असेल ते ताडतात आणि हनुवटीने जागा दाखवतात. ताई कान लावतात आणि जे ऐकू येईल त्याला नावं ठेवतात. काकांनी दोन वर्षांत त्यांना कधी शाबासकी दिलेली नाही. सळई मात्र आता तिसऱ्या मजल्यावर असते, ताईंच्या शिवणयंत्रामागे. ती तिथे ठेवायला काका स्वतः गेले होते.

तिसऱ्या मजल्यावरून सळई ठेवून परत आले, त्या संध्याकाळी ते गॅलरीत नेहमीच्या खुर्चीवर बसले. काकू शेजारी भाजी निवडत होत्या.

"डास आहेत का गं?" काकांनी विचारलं.

काकूंनी मान वर केली नाही. "आहेत."

"बरं," काका म्हणाले आणि उठून त्यांनी जाळीचं दार लावून घेतलं.